आमचा माणूस आम्हीच काढू

वेसेनफुर्ट, ४ ऑक्टोबर १८९७

शिक्षणमंत्र्यांचं पत्र आलं. भाषा लोण्यासारखी मऊ, आत सुरी. आमच्या विद्याशाखेतले पदार्थविज्ञानाचे अध्यापक डॉ. लोरेन्झ केस्टनर समाजवादी पक्षाचे सभासद आहेत आणि दर रविवारी कामगारांच्या सभागृहात व्याख्यानं देतात, असं मंत्रिमहोदयांच्या कानावर आलं आहे. तरी त्यांची शिकवण्याची परवानगी काढून घ्यावी आणि तसं कळवावं.

असं पत्र आपल्या कारकिर्दीत यावं म्हणून माझ्या आधीचे डीन झुरत झुरत निवृत्त झाले. मला ते पहिल्याच वर्षी आलं. संध्याकाळच्या सभेत ते वाचून दाखवलं आणि म्हणालो, "सद्गृहस्थहो, केस्टनर सरकारचा नोकर नाही. सरकार त्याला पगार देत नाही. विद्यार्थी वर्गाची फी भरतात त्यावर तो जगतो, म्हणजे फारसा जगतही नाही. शिकवण्याची परवानगी त्याला आपण दिली. काढायची झाली तर आपणच काढू. मंत्र्यांनी आपल्या दारात यायचं ते टोपी काढून."

सगळ्यांनी बोटांची पेरं टेबलावर आपटून मला मान्यता दिली. रसायनशास्त्राचे म्हातारे त्साइडलर गेली कित्येक वर्षं काहीच ऐकत नाहीत, तेही आपटत होते. बाकीचे थांबल्यावरही बराच वेळ आपटत होते.

मंत्र्यांना दोन ओळींचं उत्तर धाडलं. रात्री छान झोप लागली.

६ ऑक्टोबर

केस्टनर आभार मानायला आला. हडकुळा माणूस, पण डोळे खोडकर. त्याच्या अंगावर लोखंडाचा कण नसतो: बटणं शिंपल्याची, चष्म्याची काडी तांब्याची, पट्ट्याच्या जागी सुतळी. वनस्पती उद्यानाच्या टोकाला त्याची लाकडी झोपडी आहे, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेली. तिच्यात चुंबकाची सुई टांगून तो पृथ्वीचं चुंबकत्व रोज सकाळ-संध्याकाळ मोजतो. जवळपास लोखंड असलं की सुई चुकते. सहा वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. म्हणतो, अकरा वर्षं सलग झाली तर सूर्यावरचे डाग आणि ही सुई यांचं नातं कळेल. एक महिना खंड पडला की सगळं वाया.

"रविवारी तिथे सांगता तरी काय?" मी विचारलं.

"वीज म्हणजे काय ते, डीनसाहेब. ते विचारतात, झटका बसलेल्या माणसाला हात लावायचा की नाही. यात क्रांती कुठे आहे ती मलाही दाखवा."

"मग पक्ष सोडून टाका ना."

"सोडला तर वीज जास्त समजेल का?"

माझ्या बायकोला, ओटीलिएला, तो आवडला. तिने त्याला आलुबुखारांचा केक दोनदा वाढला. तो गेल्यावर म्हणाली, "याला नीट सांभाळ हं, युस्टुस." जणू मी चिनी मातीची बशी हातात घेतली होती.

१९ ऑक्टोबर

मे महिन्यात विद्यापीठाचा त्रिशतकी उत्सव. ग्रँड ड्यूक स्वतः येणार. मुख्य भाषण माझं: 'अध्यापनस्वातंत्र्याचा उगम'. आज सुरुवात केली. साडेसातशे वर्षांपूर्वी सम्राटाने इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यार्थ्यांना हमी दिली की त्यांच्यावर खटला झालाच तर तो गावकोतवालापुढे होणार नाही. गुरूपुढे किंवा बिशपपुढे होईल. आमचं सगळं स्वातंत्र्य या एका वाक्यातून उगवलं: आपला न्याय आपल्या माणसांनी करायचा. मग हॅनोव्हरच्या राजाने साठ वर्षांपूर्वी हाकललेले ते सात प्राध्यापक. मग आमच्या राज्यघटनेतलं कलम की शास्त्र आणि त्याचं अध्यापन मुक्त राहील. शेवटी, नाव न घेता, मी.

७ नोव्हेंबर

फॉन प्लेसो जेवायला होते. विद्यापीठावर लक्ष ठेवण्यासाठी सरकारने नेमलेला माणूस, पण वागणं-बोलणं असं की लक्ष ठेवलं जातंय याबद्दल आपणच आभार मानावेत. बदकाचं मांस दोनदा घेतलं, मोझेल वाइनची स्तुती केली आणि मग सुस्कारा टाकला.

"तुमचं उत्तर मंत्र्यांना आवडलं, प्रोफेसरसाहेब. करारी वाटलं. फक्त आता ते कायदा करणार."

"कसला कायदा?"

"बिनपगारी अध्यापकांचीही चौकशी मंत्रालय करेल असा. म्हणजे तुम्हाला त्रासच नको. विद्याशाखेला हा अधिकार आहे, पण ती तो वापरत नाही, असं त्यांचं म्हणणं. वापरला असता तर कायद्याची गरज काय होती, असं मी आपला बोलून गेलो. जाऊ द्या. राजसल्लागार ही पदवी उत्सवात कोणाला द्यायची यावर त्यांनी माझं मत विचारलंय, त्याचीच मला जास्त काळजी. बदक सुंदर होतं, बाईसाहेब."

पाहुणे गेल्यावर मी खोलीत येरझारा घालत राहिलो आणि अचानक मला एक विचार सुचला. पूर्णपणे माझा. केस्टनरची चौकशी आम्हीच केली तर? अधिकार वापरला की तो आमच्याकडे राहतो. मंत्र्यांचा कायदा जागच्या जागी मरतो. एवढी सोपी गोष्ट कोणाला कशी सुचली नाही?

ओटीलिएला सांगितलं. ती ताटं आवरत होती. म्हणाली, "हे मघाशी प्लेसोच म्हणाला ना?"

बायकांना तर्क आणि गप्पा यांतला फरक कळत नाही.

१५ नोव्हेंबर

प्रस्ताव लिहून फिरवला. आमच्याकडे ही रीत आहे: कागद एका पुठ्ठ्यात घालून चोपदार घरोघर नेतो, आधी सर्वांत ज्येष्ठाकडे, मग उतरत्या क्रमाने. प्रत्येकजण आधीच्यांची मतं वाचतो आणि खाली आपलं मत लिहितो. त्यामुळे जो तो निर्भयपणे आधीच्याशी सहमत होतो.

त्साइडलर: "मान्य." भूगर्भशास्त्र: "मान्य." पदार्थविज्ञानाचे श्टालहूट, केस्टनरचे गुरू: "मान्य. केस्टनरची मोजमापं देशात सर्वोत्तम आहेत, हेही नोंदवतो." सर्वांत तरुण ब्रिंक, ग्रीकचा, याने पुठ्ठा दोन दिवस ठेवून घेतला. म्हणे रात्रभर लिहीत होता. परत आला तेव्हा खाली एवढंच होतं: "मान्य, जड अंतःकरणाने." अंतःकरणाचं वजन कोणी विचारलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर

आजचा दिवस कसोटीचा. आमच्या नियमांप्रमाणे आरोपी उच्च न्यायालयात दाद मागू शकतो. केस्टनरचा वकील म्हणतो, घटनेतलं कलम दाखवलं की न्यायालय त्याला पहिल्याच दिवशी सोडेल. म्हणून मी केस्टनरला बोलावलं.

"केस्टनर, आज आपल्या भांडणात न्यायाधीश आला तर उद्या पोलीस येईल. साडेसातशे वर्षं आपण कोणाला उंबरा ओलांडू दिला नाही. तो तुम्ही ओलांडू देणार?"

"म्हणजे मी दाद मागायची नाही."

"मागू नका असं मी कसं म्हणू? तुम्ही स्वतंत्र आहात."

"आणि विद्याशाखा मला निर्दोष ठरवेल?"

"ते मी आधीच सांगितलं तर ती स्वतंत्र कशी?"

तो मोठ्याने हसला. म्हणाला, "डीनसाहेब, तुम्ही आमच्या पक्षात असायला हवं होतं." आणि माझ्याच टेबलावर, माझ्याच टाकाने लिहून दिलं की तो विद्याशाखेचा निर्णय अंतिम मानेल, कारण विद्यापीठाचा न्याय विद्यापीठात व्हावा. जाताना दारात थांबला. "हे मी तुमच्यासाठी नाही केलं. मला ते खरं वाटतं."

इतक्या सहज मानेल असं वाटलं नव्हतं. थोडं वाईटही वाटलं. मग भाषणात तेवढा परिच्छेद घातला आणि बरं वाटलं.

११ डिसेंबर

चौकशी. झगे घालून बसलो. केस्टनर त्याच त्या सुतळीच्या पट्ट्यावर आला.

"वर्गात कधी राजकारण बोललात?"

"चुंबकाला दोन टोकं असतात असं म्हणालो. ती सरकारने नेमलेली नाहीत, असंही एकदा म्हणालो. मुलं झोपली होती म्हणून."

ब्रिंक म्हणाला, "पक्षाच्या सभेत टाळ्या वाजवता?"

"कधी कधी."

"जोरात?"

"भाषण वाईट असेल तर जोरात. म्हणजे ते लवकर संपतं."

दोघे-तिघे हसले, आणि हसल्याबद्दल त्यांना केस्टनरचाच राग आला, ते मला स्पष्ट दिसलं. श्टालहूट उठून उभे राहिले. म्हणाले, असा शिष्य पुन्हा मिळणार नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते मतपेटीकडे गेले.

पांढरी गोटी म्हणजे ठेवा, काळी म्हणजे काढा. एक सोडून सगळ्या काळ्या निघाल्या. ती एक पांढरी पाहून मला खरंच आनंद झाला. मंत्रालयात असं कधी घडलं असतं? मतभेदाला आमच्यात जागा आहे याचा तो मूर्तिमंत पुरावा. भाषणात लगेच लिहिलं: 'आणि एक आवाज एकटा उभा राहिला, आणि कोणी त्याला दाबलं नाही.'

जिना उतरताना त्साइडलरनी माझा दंड धरला आणि बहिऱ्याच्या आवाजात विचारलं, "काय हो, पांढरी म्हणजे काढा, ना?"

वाक्य तसंच ठेवलं आहे. वाक्य चांगलं आहे.

निकालपत्रात लिहिलं: डॉ. केस्टनर यांच्या शास्त्राबद्दल किंवा चारित्र्याबद्दल विद्याशाखेची काहीही तक्रार नाही.

१४ डिसेंबर

केस्टनरने झोपडीची पितळी किल्ली आणून दिली. एकच विनंती: "सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं आत जाऊ द्या. शिकवणार नाही, कोणाशी बोलणार नाही. सुई बघीन आणि जाईन."

मी विचार केला. खरंच केला. पण बाहेरच्या माणसाला विद्यापीठाच्या आवारात उपकरणं हाताळू दिली, तर आपल्या आवारावर आपला ताबा आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"केस्टनर, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"सुईलाही तेच सांगू का?" तो म्हणाला. या वेळी हसला नाही.

जेवताना ओटीलिए म्हणाली, "त्या सात प्राध्यापकांचं तू लिहितोस ना, त्यांना राजाने काढलं होतं."

"हो, मग?"

"काही नाही. मीठ दे."

२ फेब्रुवारी १८९८

उत्सवाचे लोखंडी झेंडेखांब येऊन पडले आहेत. ठेवायला कोरडी जागा एकच, वनस्पती उद्यानातली झोपडी. श्टालहूटना विचारलं. "आता काय हरकत," म्हणाले.

२० मार्च

बाजारात केस्टनरची बायको दिसली. बटाट्यांच्या ढिगापाशी उभी होती. मी टोपी काढली. तिने आधी माझ्याकडे, मग टोपीकडे पाहिलं आणि बटाटे निवडू लागली. ओटीलिए तिच्याशी बोलून आली. म्हणे, केस्टनरने पक्ष सोडला. दोन मुली आहेत, खाजगी शिकवण्या कोणी देत नाही. आता तरी कोणी देईल म्हणून सोडला.

मला फार निराश वाटलं. त्याच्या कण्याबद्दल माझं मत जास्त चांगलं होतं.

१७ मे

उत्सव. मोठ्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. सम्राटाच्या हमीवर मुलांनी बाकं ठोकली. सात प्राध्यापकांवर ठोकली. 'एक आवाज एकटा उभा राहिला' यावर तर छताचा गिलावा पडतो की काय असं झालं. त्साइडलरही ठोकत होते. ग्रँड ड्यूकने दोनदा मान डोलवली, एकदा जागेपणी. मी आता राजसल्लागार आहे. चोपदाराने सकाळी पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

ओटीलिएला म्हटलं, "आता तुलाही बाजारात राजसल्लागारीणबाई म्हणतील."

"तर मग बाजारात मोलकरणीला पाठवीन," ती म्हणाली.

२३ जून

कायदा मंजूर झाला. बिनपगारी अध्यापक आता मंत्रालयाच्या हाताखाली. मला धक्काच बसला. त्याहून मोठा धक्का प्रस्तावनेचा: 'अशा पक्षाचं सभासदत्व अध्यापनाशी विसंगत आहे, हे वेसेनफुर्टच्या विद्वान विद्याशाखेने स्वतःच एका निर्णयात मान्य केलं आहे.'

तडक प्लेसोकडे गेलो. "तुम्ही म्हणाला होतात, कायद्याची गरज पडणार नाही."

"पडली नाहीच, राजसल्लागार. तुमच्या निकालानंतर विरोध करायला कोणी उरलंच नाही, इतका तो सोपा झाला. कॉफी घेणार?"

घेतली. नाही घेतली असती तर रागावलोय असं दिसलं असतं.

६ जुलै

याहून भयंकर. नव्या कायद्याखालचं पहिलं फर्मान आलं. मंत्री लिहितात: डॉ. केस्टनर यांनी पक्ष सोडला असल्याने आणि त्यांच्या शास्त्राबद्दल खुद्द विद्याशाखेची तक्रार नसल्याने, त्यांना शिकवण्याची परवानगी व झोपडीची किल्ली परत देण्यात यावी.

विद्याशाखेने बाहेर काढलेला माणूस मंत्री आत आणतो. आमचा निकाल पुसतो. याला स्वातंत्र्यावरचा घाला म्हणायचं नाही तर कशाला?

संध्याकाळी केस्टनर आला. चेहरा उजळलेला. "डीनसाहेब, ऐकलंत? सात महिन्यांचा खंड पडलाय, पण पोट्सडामच्या वेधशाळेचे आकडे मागवून मी तो जोडून घेईन. मला जमेल. उद्यापासून सुरुवात केली तर जमेल." तो श्वास न घेता बोलत होता. झोपडीत झेंड्याचे खांब आहेत हे मी त्याला सांगितलं नाही. आनंदात होता.

"केस्टनर, बसा. तुम्हीच लिहून दिलं होतं की विद्यापीठाचा न्याय विद्यापीठात व्हावा."

"दिलं होतं."

"मग मंत्र्यांची ही भीक तुम्ही नाकाराल, अशी माझी अपेक्षा आहे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस अनोळखी भाषेतल्या पाटीकडे पाहतो. मग अगदी हळू म्हणाला, "पक्ष सोडला तेव्हा ज्यांच्याबरोबर बारा वर्षं होतो ते माझ्याशी बोलेनासे झाले. तेही नाकारू?"

"तो तुमचा खाजगी प्रश्न."

"नाही नाकारणार," तो म्हणाला. "नाही, राजसल्लागार."

तत्त्वाला जागणारी माणसं किती थोडी असतात.

९ जुलै

निषेधाचा पुठ्ठा फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो एका दिवसात परत आला. ब्रिंकने तर रस्त्यातच चोपदाराला गाठून भिंतीवर ठेवून सही केली आणि पूर्ण पानभर लिहिलं: निर्भीड, तेजस्वी, मंत्र्याला नावानिशी झोडणारं. हा मुलगा पुढे जाईल. श्टालहूट म्हणाले, "माझ्या हृदयाचा तुकडा आहे तो, पण विद्याशाखेचा मान आधी." त्साइडलरना मी या वेळी कागदावर मोठ्या अक्षरात समजावलं.

एकमताने. एकही मत विरुद्ध नाही. मंत्र्याला आम्ही उघडउघड सांगितलं: ज्याला आम्ही काढलं, तो निघालेलाच राहील. जमल्यास आम्हालाही काढा. खोटं कशाला लिहू, मी घाबरलो होतो. पदवी जाईल, पेन्शनही जाईल असं वाटलं. तरी सही केली. आयुष्यात एकदा तरी माणसाने असं करावं.

ओटीलिएला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "हे डिसेंबरात का नाही लिहिलंस?"

"डिसेंबरात मंत्र्याने आपला निकाल कुठे फिरवला होता?"

तिने विणकाम उचललं आणि दुसऱ्या खोलीत गेली.

२३ जुलै

जिंकलो. मंत्र्यांचं उत्तर आलं: विद्याशाखेच्या प्राचीन स्वातंत्र्याबद्दल वाटणाऱ्या आदरापोटी फर्मान मागे घेण्यात येत आहे. प्लेसो स्वतः घेऊन आले. म्हणाले, "मंत्री म्हणाले, एवढी तळमळ असेल तर राहू दे. त्यांचं त्यात काही अडलेलं नाही." ही शेवटची ओळ बोलायची गरज नव्हती, पण पराभव झालेला माणूस असंच काहीतरी बोलतो.

केस्टनरला चोपदारामार्फत कळवलं.

३० जुलै

विद्यार्थ्यांनी माझ्या सन्मानार्थ मशालींची मिरवणूक काढली. असा मान पन्नास वर्षांत कोणाला मिळाला नव्हता. सज्जात उभा राहिलो. ओटीलिए आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. अंधार पडला तसा बँड जवळ आला. मशाली उठून दिसाव्यात म्हणून नगरपालिकेने आमच्या रस्त्यावरचे गॅसचे दिवे विझवायची व्यवस्था केली होती. मोठी कल्पक गोष्ट. मिरवणुकीच्या पुढे एक माणूस लांब काठी घेऊन एकेक दिवा विझवत येत होता. चालण्यावरून मला तो केस्टनर वाटला. आमच्या दारापुढच्या दिव्यापाशी थांबला, वर पाहिलं, दिवा विझवला, पुढे गेला. तोच होता.

मला मनापासून बरं वाटलं. काम मिळालं, आणि तेही प्रकाशाशी संबंधित. मग मी पुढे झालो आणि स्वातंत्र्यावर दोन शब्द बोललो.